ही डॉक्टरची लाइन की कॉम्प्युटरची?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी यंदा दहावी झाली. शाळेत आलेल्या एका डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट आणि जीन्स (जनुकं) यांवरून आजाराचं कारण कसं शोधतात ते सांगितलं, तेव्हापासून 'मी हेच करणार' म्हणते. अकरावीला गणित सोडून नुसतं बायोलॉजी घ्यावं असं आम्ही ठरवतोय. ही डॉक्टरची लाइन की कॉम्प्युटरची? सोलापुरात नोकरी मिळेल का? – एक पालक

उत्तर: नमस्कार. आधी एकच सांगतो, गणित सोडू देऊ नका. का ते तुमच्याच कारखान्यातल्या उदाहरणाने सांगतो.

एखाद्या कामगाराला दमा आहे आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या दिसतात. पेशी वाढल्या म्हणून दमा झाला, की दम्यामुळे पेशी वाढल्या? की दोन्ही सुताच्या धुळीने केलं? रिपोर्ट हे सांगत नाही. मुद्दाम लोकांच्या पेशी वाढवून बघावं, तर तसं कोण करू देईल?

पण निसर्गाने चिठ्ठ्या आधीच टाकलेल्या असतात. आईच्या आणि वडिलांच्या जीनच्या दोन-दोन प्रतींपैकी कोणती बाळाला मिळेल, हा नशिबाचा भाग. काहींना असे जीन मिळतात की त्यांच्या इओसिनोफिल जन्मभर थोड्या जास्तच राहतात. या चिठ्ठ्या धूळ, विडी, पगार या सगळ्याच्या आधी पडतात, आणि दमा झाला म्हणून जीन बदलत नाही. तेव्हा अशा लोकांत दमा जास्त आढळला, तर संशय पेशींवर पक्का होतो. २०१६ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोकांच्या रक्तावर झालेल्या अभ्यासात इओसिनोफिलबद्दल असंच दिसलं. वाटाण्यांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलच्या नावावरून या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन (रँडमायझेशन म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी) म्हणतात.

कधी निकाल उलटाही लागतो. एचडीएल, म्हणजे आपलं 'चांगलं' कोलेस्टेरॉल, जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक कमी येतात हे वर्षानुवर्षं दिसत होतं. २०१२ मध्ये एचडीएल वाढवणारा जीन असलेले लोक तपासले, तर त्यांना अटॅक काही कमी आलेले नव्हते. 'वाईट' एलडीएल मात्र याच कसोटीवर खरंच दोषी ठरलं.

यात फसगतही असते. एकच जीन कधी कधी दोन-तीन कामं करतो. त्याने दमा पेशींच्या वाटेने आणला की भलत्याच वाटेने, हे ओळखण्यात खरी हुशारी आहे, आणि ती सगळी संख्याशास्त्राची. म्हणून ही ना डॉक्टरची लाइन, ना नुसती कॉम्प्युटरची. प्रश्न बायोलॉजीतून येतो, उत्तर गणिताने काढावं लागतं. (डीएमएलटीशी, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाशी, गल्लत करू नका. तिथे रक्त तपासायला शिकवतात. तोही चांगला धंदा आहे आणि सोलापुरात काम लवकर मिळतं.)

अकरावीला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्या. नीटचा रस्ताही त्याने बंद होत नाही. पुढे बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, किंवा पुण्याचं आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था. आयसरच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी चारही विषय असतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. करायचं तर बारावीला गणित लागतंच. मग एम.एस्सी. आणि बहुधा पीएचडी. बारावीनंतर दहा वर्षं धरून चला. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीत सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात, पण तोवर घराने थांबायला हवं. तुम्हाला ते परवडेल का, हे मी इथून सांगू शकत नाही.

सोलापुरात नोकरी? या कामाची जवळपास नाहीच. पुणे, हैदराबाद, बेंगळुरू. काम मात्र भरपूर पडून आहे, कारण जगातला असला बहुतेक डेटा युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्याकडे जीनोमइंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचले गेले, ही आत्ता कुठे सुरुवात. 'सहा महिन्यांत जेनेटिक्स तज्ज्ञ' अशा जाहिराती दिसल्या तर पैसे खिशातच ठेवा.

आणि एक राहिलंच. तिला गणित आवडतं की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. फॉर्म भरण्याआधी तिला विचारा, आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या.