पावसाळी थर जॅकेटच्या आत की वरून?

प्रश्न : उन्हाळ्यात मी जाळीचं रायडिंग जॅकेट घालतो. अवचित पावसासाठी घडी करून नेता येईल असा रेनकोट कसा निवडू?

उत्तर : वरून घालायचाच घ्या. मी दोन वर्षं आतला थर वापरला. अंग कोरडं राहायचं, पण जाळी भिजून जड व्हायची आणि वाऱ्यात हुडहुडी भरायची. शिवाय तो घालायला भर पावसात जॅकेट उतरवावं लागे!

घेताना जॅकेट अंगात असू द्या. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बाह्या मनगटापर्यंत पुरतात का पाहा. शिवणींवर आतून टेप हवीच. कापड १०,००० मिलिमीटरचं, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब अडवणारं असलं तरी सुईच्या भोकांतून पाणी शिरतं. पँटही घेतलीत तर सायलेन्सरकडचा पाय जपा, नायलॉन चटकन वितळतं.