पुण्याहून दोन दिवसात महाबलीपुरम होईल का?

होतं की, आरामात! सकाळच्या फ्लाइटने चेन्नई गाठा, तिथून ईसीआर म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडने साधारण ५५-६० किमी आहे, कॅबला दीडेक तास. दुपारी मात्र फिरू नका, घामाने जीव जातो. गुहांसाठी कार्ल्यासारखं चढायचं नाही, टेकडी छोटीशीच आहे, पण महिषासुरमर्दिनी गुहा अजिबात चुकवू नका, एका भिंतीवर देवी सिंहावर बसून लढतेय आणि बरोब्बर समोरच्या भिंतीवर विष्णू शेषावर निवांत झोपलेत, मी तर तिथेच अर्धा तास बसून राहिलो. पंचरथ (दगडात कोरलेली रथासारखी पाच मंदिरं) आणि किनाऱ्यावरचं मंदिर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. सगळं पल्लव राजांच्या काळातलं, ७व्या-८व्या शतकातलं. रस्त्यात छिन्नी-हातोड्याचा आवाज आला की आत शिरा, दगडाच्या मूर्ती घडवताना बघायला मिळतात. छोटा गणपती घ्या, मोठा घेतलात तर फ्लाइटमध्ये वजनाची बोंब!