मी पुरुष, तरी रिपोर्टमध्ये इस्ट्रोजेन जास्त आलंय, ते कमी करायची गोळी घेऊ का?
ऐरोलीच्या जिममध्ये कुणी सुचवली म्हणून अ‍ॅनास्ट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) अजिबात सुरू करू नका. पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतंच; हाडं त्यावरच टिकतात. फार खाली गेलं की सांधे दुखतात, कामेच्छा मरते, हाडं ठिसूळ होतात. चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) करतं, म्हणून आधी पोटाचा घेर उतरवा, दारू सोडा. टेस्टोस्टेरॉन सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासा. नाइट शिफ्ट संपवून तसेच लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो. सोबत एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं हार्मोन) आणि यकृताची तपासणीही करा. स्तनाग्राखाली रबरासारखी चकती हाताला लागते का बघा; ती स्तनाची गाठ वाढल्याची खूण असू शकते. लागली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनतज्ज्ञांना) दाखवा. एकाच बाजूला टणक गाठ किंवा स्राव असेल तर मात्र याच आठवड्यात सर्जन गाठा.