भाऊ मारतो तेव्हा त्याला काय सांगायचं असतं

ताई, बौद्धिक अक्षमता असलेला तुमचा तिशीतला भाऊ गणपतीला चाकरमानी आल्यापासून आईवर हात उगारतो, स्वतःचं मनगट चावतो आणि नातेवाईक 'खोलीत कोंडा' म्हणतायत, हे वाचून जीव कळवळला. कोंडू नका. बांधणं तर मुळीच नको.

वागणं असं अचानक बदललं की आधी डॉक्टर. ज्याला सांगता येत नाही त्याचं दुखणं असंच बाहेर पडतं. दात किडलाय का, कान दुखतोय का, पोट साफ होतंय का, बघा. पाहुण्यांच्या गर्दीत संडासाची वेळ चुकते, चार दिवस पोट गच्च राहतं आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. फिटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते. तेही विचारा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

मग एक वही ठेवा आणि दर वेळी तीन रकाने भरा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, आणि त्यातून त्याला काय मिळालं. हा तिसरा रकाना बहुतेकजण सोडतात, आणि खरी मेख तिथेच असते. माझा भाऊ आरतीत झांजा वाढल्या की शेजारच्याला ढकलायचा. लगेच कुणीतरी त्याला मागीलदारी नेऊन बसवायचं. म्हणजे ढकललं की शांतता मिळते, हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं. आम्ही त्याला छातीवर दोनदा हात थोपटायची खूण शिकवली, तीही घरात शांतता असताना. खूण केली की तत्क्षणी बाहेर, मग आरती अर्धी राहिली तरी चालेल. मारण्यापेक्षा खुणेने काम लवकर झालं पाहिजे, नाहीतर तो खूण कशाला करेल?

भडका उडालाच तर एकानेच बोलायचं, तेही दोन शब्द. बाकीच्यांनी बाहेर खळ्यात, अंगणात जावं. विळी, कोयती आधीच उचलून ठेवा. समजावणं नंतर.

झोपेच्या गोळीने गप्प पाडायचा आग्रह होईल. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून औषध दिलं तर जरूर द्या, पण ते कशासाठी आणि कधी कमी करणार, हे विचारूनच या.

आणि त्याला हाताला काम द्या. सुपारी सोलणं, नारळाची सोडणं गोळा करणं, जमेल ते. तो मोठा पुरुष आहे, दिवसभर पडवीत बसवून ठेवलं तर कुणीही चिडेल. आईलाही रोज तासभर सुटका हवी. त्या वेळी भावाची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कुणाची, हे आजच ठरवा.