तणावाचा मुलं वाढवण्यावर होणारा परिणाम समाजागणिक वेगळा असतो का?

वाट बहुतेक तीच, ताण वेगळा. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवात शेती संकटात आली, तेव्हा कुटुंबांचा अभ्यास करणारे संशोधक रँड काँगर यांना दिसलं की पैशाची ओढाताण आधी आईबापाचं मन खाते, मग नवराबायकोत खटके, शेवटी राग पोरांवर. पुढे कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबांतही साधारण तेच आढळलं.

आपल्या खान्देशात बघा. कापसाचा भाव पडला की लेवा पाटील असो की गुजर, जेवताना पोराला क्लासची फी ऐकवली जाते. नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडावर तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण, म्हणजे तिची शाळा बुडाली. त्यांना कुणी ‘बेफिकीर आईबाप’ म्हटलं की डोकं फिरतं. गावी आजी तरी असते, फडावर कोण असणार?