लघवीचा संसर्ग, सल्फाची गोळी आणि रक्तदाब

प्रश्न : आईला (वय 71) लघवीच्या संसर्गावर को-ट्रायमॉक्साझोल डीएस सकाळ-संध्याकाळ सुरू केली आहे. रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टन घेते. दवा बाजारातला औषधवाला म्हणाला, ‘यात दोन औषधं आहेत, जड पडेल, अर्धीच द्या.’ दोन औषधं कशाला? अर्धी चालेल का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मनाने अर्धी करू नका. मूत्रपिंडं थकलेली असतील तर डोस कमी करतात, पण तो क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करतात ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी ठरवायचा.

डीएस (म्हणजे दुप्पट ताकदीच्या) गोळीत सल्फामेथॉक्साझोल (हेच ‘सल्फा’) 800 मिलिग्रॅम आणि ट्रायमेथोप्रिम 160 मिलिग्रॅम असतं. जंतूंना फोलेट (वाढीला लागणारं एक ब जीवनसत्त्व) स्वतः तयार करावं लागतं. आपल्याला ते अन्नातून मिळतं. सल्फा त्या कामाची एक पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची. एकट्याने जंतूंची वाढ नुसती थांबते, दोघं मिळून बहुधा ते मरतात. दोन्ही औषधं रक्तात साधारण 10 तासांनी निम्मी होतात, म्हणून जोडी जमते आणि 12 तासांनी पुढची गोळी लागते.

आता खरी काळजीची गोष्ट, जी औषधवाल्याने सांगितलीच नाही. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. सत्तरीपुढे ही जोडी धोक्याची ठरू शकते: पाय गळून जातात, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि कधी कधी आधी काहीच जाणवत नाही. म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आजच सांगा. ते औषध बदलतील किंवा चौथ्या-पाचव्या दिवशी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतील. लघवीला जळजळ म्हणून घरोघरी नारळपाणी पाजतात. त्यात पोटॅशियम भरपूर, तेव्हा या गोळीबरोबर ते बंद. साधं पाणी मात्र भरपूर द्या (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर), कारण लघवी घट्ट झाली की सल्फाचे खडे धरू शकतात.

लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं, ही तपासणी) केलं नसेल तर त्याबद्दलही विचारा. लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणारा जंतू ई. कोलाय बऱ्याचदा या औषधाला दाद देत नाही. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरूच करू नये.

अंगावर पुरळ आलं, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले, तर पुढची गोळी द्यायची नाही; त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुरळ या औषधाचंच ठरलं, तर फाइलवर ‘सल्फा चालत नाही’ असं लाल शाईने लिहून ठेवा.