पन्नासपर्यंत येतं, पण पाच देता येत नाहीत

"मॅडम, याला पन्नासपर्यंत येतं. पण पाच पेन्सिली दे म्हटलं की मूठभर उचलून आणतो. मुद्दाम करतो का हो?"

लहान मुलांच्या गणिताबद्दल पालकांशी बोलताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की पालक 'पन्नासपर्यंत' म्हणाले की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. कधी पन्नासच्या जागी शंभर असतं, पेन्सिलींच्या जागी चमचे. 'मुद्दाम' मात्र बहुतेक वेळा असतंच. म्हणून एकदा लिहूनच काढते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि चार-पाच भेटी एकत्र केल्यात.

मुलगा साडेचार वर्षांचा. आई रोज संध्याकाळी अर्धा तास त्याला घेऊन बसायची आणि उठताना दोघंही रडवेली असायची. पहिल्या भेटीत मी म्हटलं, "घरी करता तसंच करा, मी नुसती बघते."

टेबलावर पाच बटणं ओळीत मांडली. "मोज." त्याने एकेका बटणावर बोट ठेवत पाचपर्यंत मोजलं. कुठेही चूक नाही. "मग किती झाली?" तो पुन्हा एकपासून सुरू. "अरे, किती झाली?" तिसऱ्यांदा मोजताना बोट बटणांवर होतं, पण नजर आईच्या चेहऱ्यावर. त्या नादात एक बटण दोनदा मोजलं गेलं. "सहा!" आईने माझ्याकडे पाहिलं. बघितलंत ना, असा चेहरा.

बघितलं होतं, पण मला दिसलं ते वेगळंच. 'किती' म्हणजे 'मोजायला लाग' अशीच त्या मुलाची समजूत होती, आणि सांगितलेलं काम तो इमानेइतबारे करत होता. एक ते पाच हे त्याच्यासाठी गाण्यातली ओळ होती. शेवटचा 'पाच' हा साऱ्या बटणांचा मिळून असतो, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. आणि तेच परत परत विचारलं गेलं की कोणालाही वाटेल तेच त्याला वाटलं, की आपलं चुकलंय.

मग मी त्याच्याकडे एक बटण मागितलं, मग दोन, मग तीन. बरोबर दिली. चार म्हटल्याबरोबर मूठ भरून आली. म्हणजे तीनपर्यंत त्याचं पक्कं होतं, त्यापुढे सगळं 'पुष्कळ'. यात मुद्दाम काहीच नव्हतं. मुलं एकचा अर्थ शिकतात, मग दोनचा, मग तीनचा, आणि दोन पायऱ्यांमध्ये कित्येक महिने जातात. मोजणं आपल्याला एक गोष्ट वाटते. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये त्यात पाच तत्त्वं वेगळी करून दाखवली. क्रम पाठ असणं हे त्यातलं फक्त एक, आणि घरोघरी घोटून घेतलं जातं ते तेवढंच.

मी पियाजेच्या वळणाची, म्हणजे मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या. मुलांना काय कधी येतं याचे त्याचे काही अंदाज पुढे खोटे ठरले, हे मान्य. पण चुकलेल्या उत्तरातही मुलाचा स्वतःचा तर्क असतो आणि आधी तो शोधायचा, हे मी त्याच्याकडूनच घेतलं, आणि अजून तरी फसलेले नाही.

पुढच्या भेटीत 'किती' हा शब्दच वापरायचा नाही असं ठरवलं. मोठ्याने मोजत चार बटणं टेबलावर ठेवली आणि वर तळहात झाकला. "आत काय आहे?" तो माझा हात उचलू लागला. "अंहं, उघडायचं नाही." आता पुन्हा मोजायची सोयच नव्हती. तो गप्प झाला. आईच्या ओठांवर 'चार' यायला लागला होता, तिला मी डोळ्यांनीच थांबवलं. (असं थांबवणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे.) त्याने पुटपुटत एकेक बोट उघडलं, चौथ्यापाशी थांबला. "चार आहेत."

मग मी हात उचलला, पण उचलताना एक बटण मुठीत लपवलं. टेबलावर तीन उरली. त्याने ती मोजली नाहीत. तीन वस्तू एका नजरेत कळतात. उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि माझी मूठ बोट-बोट करून सोडवायला लागला. "एक इथे आहे!"

"मॅडम, ही वजाबाकी झाली ना?" आई म्हणाली. झालीच होती. पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. टेबलाला वळसा घालताना त्याने एकदाही आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आईला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. रोजचा अर्धा तास बंद करा, दहा मिनिटं भरपूर झाली, तीही चालता-बोलता. विचारणं कमी, मागणं जास्त: "सगळ्यांना एकेक चमचा ठेव", "मला चार मोजे दे." जिथपर्यंत पक्कं आहे त्याच्या पुढे एकच पाऊल, दहा नाही. तुम्ही मोजाल तेव्हा शेवटी एकूण सांगा: "एक, दोन, तीन, चार. चार मोजे." बोटांवर मोजू द्या. बोटं वापरल्याने सवय लागत नाही, आधार मिळतो.

एक ते दहा घरांची सरळ पट्टी कागदावर आखा आणि फक्त १ आणि २ हेच आकडे असलेला फासा घेऊन खेळा. सीग्लर आणि रामाणी या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, की असा खेळ थोड्याच बैठकांत लहान मुलांची संख्यांची समज वाढवतो. आकड्यांऐवजी रंगांची घरं असली की तो फायदा दिसत नाही. अट एकच. चारच्या घरातून दोन घरं जायचं तर "एक, दोन" नाही म्हणायचं, "पाच, सहा" म्हणायचं. उभ्या असलेल्या घरालाच 'एक' म्हणण्याची चूक बहुतेक मुलं करतात, त्यावर हेच औषध. सापशिडी नंतर, नागमोडी शंभर घरांत लहान मूल हरवतं.

पन्नासची घाई तर मुळीच नको. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून मूल ५२ लिहितं. जर्मन भाषेतही एकक आधी म्हणतात, म्हणून तिथल्या मुलांनाही हाच घोळ भोवतो. एकोणतीस तर सरळ वजाबाकीच, तिसाला एक कमी. त्याआधी दहा-दहाचे गठ्ठे हाताळू दे. पहिली-दुसरीतही लहान संख्या जमेनात, तर मात्र डोळे-कान तपासून तज्ज्ञांना दाखवा.

आई निघताना म्हणाली, "मलाही गणित कधी आलं नाही." मुलगा शेजारीच होता. हे वाक्य मला एकटीला सांगा, त्याच्यासमोर नको, असं मी तिला सांगितलं. गणिताची धास्ती असलेल्या पालकांनी वारंवार गृहपाठ घेतला तर मूल वर्षभरात कमी शिकतं, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलंय. अभ्यास घेऊच नका असा याचा अर्थ नाही. धास्ती बाजूला ठेवून बसा, एवढंच.

शेवटच्या भेटीत तिने आदल्या रात्रीची गंमत सांगितली. त्याने अंथरुणावर पाच बटणं मांडली आणि तिला मोजायला लावली. मग दरडावून विचारलं, "किती झाली?" ती मुद्दाम पुन्हा एकपासून सुरू झाली. त्याने कपाळाला हात लावला. "अगं आई, आत्ताच तर मोजलीस!"